अंगठ्याच्या वरची जागा

दात भरून खुर्चीतून उतरताना माणूस हमखास विचारतो, "किती दिवस टिकेल?" पस्तीस वर्षं मी या प्रश्नाला उत्तरं देत आलो, आधी शिरूरला आणि नंतर दौंडला. बहुतेक उत्तरं प्रामाणिक होती. एका बाईला दिलेलं उत्तर प्रामाणिक नव्हतं, आणि ते निस्तरण्यासाठी पुढे मी जे लिहिलं ते तर सरळ खोटं होतं. माझा दवाखाना आता बंद आहे, हात थरथरतो, मला जाब विचारायला कोणी येणार नाही. म्हणूनच हे आता लिहून ठेवायला हवं.

नव्वदच्या आसपास माझ्याकडे भरायला दोनच गोष्टी असत. एक पांढरं सिमेंट, लवंगेच्या तेलात कालवलेलं. ते ठणका शांत करतं, पण असतं मऊ. बाजरीच्या भाकरीपुढे दोन-तीन महिन्यांत झिजतं, कधी पंधरा दिवसांतच निघून हातात येतं. त्याचं काम तेवढ्यापुरतं. दुसरी चांदी. चांदीची पूड आणि पारा खलात घोटायचा, लोण्यासारखा गोळा झाला की फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढायचा आणि दाढेच्या खड्ड्यात थर देत दाबत जायचं. त्या बाजूनं एक दिवस चावायचं नाही. नीट भरली तर चांदी दहा-पंधरा वर्षं हलत नाही. दातांच्या रंगाचं, निळ्या दिव्याखाली घट्ट होणारं मटेरियल पुढे आलं. लोकांना ते आवडायचं, पण माझ्या हातचं तरी पाच-सात वर्षांत कडेला काळवंडायचं. गावाकडचा माणूस चांदीच मागायचा.

पण भरणी किती टिकेल हा प्रश्नच अर्धा आहे. तिच्याखाली काय ठेवलंय, हा उरलेला अर्धा. खाली कीड राहिली आणि वर चांदी पक्की बसली, तर आतला पू बाहेर यायला वाट उरत नाही. अशा वेळी भुसभुशीत सिमेंट बरं. ते निघून पडतं आणि माणूस वाचतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. आणि तरीही.

शिरूरचा दवाखाना सांभाळून मी बाजारच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला जायचो. तिथल्या एका मोठ्या बागायतदाराने, ज्याला सगळे आप्पा म्हणत, आपल्या घराशेजारची खोली मला वापरायला दिली होती. कारखाना, सोसायटी, बाजार समिती, सगळीकडे आप्पांचा शब्द चाले. माझ्याबरोबर माझा कंपाउंडर असे, माझ्याच वयाचा, शिरूरचा. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं हत्यारांची पत्र्याची पेटी घेऊन यायचो. दारावर मी मुद्दाम पाटी लावली होती : दात काढू नका, वाचवा. तिचा मला फार अभिमान होता.

दसरा झाल्यावरचा बाजार होता. बाकावर अकरा जण बसलेले. खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारे आपल्या सुनेला घेऊन आत आले. मूळचे वरवंडकडचे मेंढपाळ. दरवर्षी या दिवसांत आप्पांच्या रानात त्यांच्या मेंढ्या बसत. रात्रभर मेंढ्या शेतात बसल्या की लेंडीखत मिळतं, म्हणून बागायतदार त्यांना बोलावून घेतात. तिथून मग ते घाट उतरून कोकणात जायचे, ते जेठातच परत. सून असेल बावीस-तेवीस वर्षांची. गालाला पदर लावून उभी होती.

"डाक्टर, ही दाढ तेवढी उपटून टाका," म्हातारे आबा म्हणाले. "परवा निघायचंय आमाला. वाटंत ठणाठणा करत बसंल."

"आबा, पाटी वाचली का बाहेरची?" मी हसून म्हणालो.

"मला कुठली वाचता येतीय? मी मेंढीचे दात वाचतो. दुदाती हाय का चौदाती, लांबनं सांगतो. तुमी आमच्या सुनंचे वाचा."

बाकावरची माणसं हसली. सून मात्र हसली नाही. "काढू नका," ती म्हणाली. "माज्या आयेचे असेच एकेक करून काढले. आता तिला भाकरी कुस्करून द्यावी लागती."

मी आत पाहिलं. खाली दोन्ही बाजूंना कीड होती. उजव्या दाढेची वरवरची, डावीची खोल. मी म्हणालो, दोन्ही वाचतील. आबांनी मान हलवली. मी केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या : बाईचं नाव नि गाव, कोणत्या दाढा, दोन्ही भरणे. खाली आबांचा अंगठा घेतला, तशी पद्धत होती. मेंढ्यांचं औषध आणायचंय म्हणून आबा बाजारात निघून गेले. अंगठा त्यांनी जरा खालीच उमटवला होता. त्याच्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये दोन बोटं जागा कोरी राहिली.

उजवी दाढ मी छान भरली. चांदी दाबून, कोरून, दाढेचा मूळचा आकार दिला. मग डावी घेतली. अर्धी कीड निघाली असेल, तोच वीज गेली. मशीन थांबलं. त्या भागात वीज गेली की संध्याकाळशिवाय येत नसे. मी खिडकीशी खुर्ची ओढली आणि हातातल्या बारीक चमच्यासारख्या हत्यारानं उरलेली कीड खरवडायला लागलो. तळाशी मऊ लागलं. आणखी खरवडलं तशी, बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं असूनही, बाई खुर्चीत ताठ झाली, तिनं माझं मनगटच धरलं. नस अगदी जवळ होती.

इथं काय करायचं ते मला ठाऊक होतं. नुसतं सिमेंट भरायचं, चार आठवडे थांबायचं, नस शांत झाली तर चांदी, नाही तर पुढचा इलाज. आणि ही माणसं थांबू शकत नसतील तर आबांना बाजारातून बोलावून सांगायचं, की दाढ काढलेलीच बरी. सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण दहा माणसं बाहेर कुरकुरत होती, वीज गेलेली होती, आणि आबांसमोर मी वाचवतो म्हटलं होतं. मी तळाशी थोडं सिमेंट लावलं, ते नीट घट्ट व्हायची वाटही पाहिली नाही, आणि कंपाउंडरला म्हणालो, "चांदी घोट."

तो खल घेऊन तसाच उभा राहिला. "सर, ह्या दाढंत पण?"

"घोट म्हटलं ना."

बाई उठली. तोंड अर्धं बधिर होतं, शब्द नीट येत नव्हते. तिनं विचारलं, "परत दुखंल का वं?"

मी म्हणालो, "आता दहा वर्षं विसरून जा."

हे मी म्हणालो तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि कंपाउंडर.

माघ लागला तेव्हा तळेगावहून येणाऱ्या जीपवाल्याकडून आप्पांचा निरोप आला. मेंढ्यावाले अर्ध्या वाटेतून परत आलेत, त्यांच्या सुनेचं जिवावर बेतलं होतं, परवा बैठक आहे, कागद घेऊन या. जीपवाल्याला बरंच ठाऊक होतं. घाट उतरल्यावर महिनाभरानं बाईचं दुखायला लागलं. आधी कान दुखतोय असं ती सांगत राहिली. दाढ असेल असं तिच्या मनातच आलं नाही. का आलं नाही, हे त्या जीपवाल्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मग जबड्याखाली सूज आली, जीभ वर उचलली गेली, श्वास अडायला लागला. घोंगडीत घालून तिला खाली रस्त्यापर्यंत आणलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं जबड्याखाली चिरून पू काढला, दाढ काढली. तीन आठवडे ती तिथं होती. जगली, पण तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

त्या दुपारी मी शिरूरच्या दवाखान्यात गठ्ठा सोडून तिचा कागद काढला. तीन ओळी, मग कोरी जागा, मग आबांचा अंगठा. दार लावून घेतलं. मूळ ओळी ज्या पेनानं लिहिल्या होत्या तशीच निळी शाई शोधायला मी तीन पेनं एका रद्दी कागदावर चालवून पाहिली. मग त्या दोन बोटांच्या जागेत बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या : 'डावी दाढ खोल, भरणी तात्पुरती. सात दिवसांनी दाखवण्यास बाईंना सांगितले आहे.' हात अजिबात कापला नाही. त्याचंच आज आश्चर्य वाटतं.

बैठक आप्पांच्या ओसरीवर होती. आप्पा खुर्चीत. आठ-दहा गावकरी सतरंजीवर. आबा पायरीजवळ जमिनीवर, त्यांचा मुलगा खांबाला टेकून उभा. सून दाराच्या कडेला, हनुवटीपर्यंत पदर ओढलेला. माझा कंपाउंडर माझ्या मागे.

आप्पांनी कागद मोठ्यानं वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"आता बोला आबा. डॉक्टरनी सात दिवसांनी बोलावलं व्हतं. तुमी आला न्हाई. मंग डॉक्टरचा काय दोष?"

आबांनी हात पुढे केला. "बघू कागद."

"तुमाला काय कळणार त्यातलं?" कोणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

आबांनी कागद हातात घेतला, उन्हाकडे धरला, आणि बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ, की माझ्या मानेवरून घाम उतरायला लागला. मग त्यांनी कागद घडी न करता आप्पांना परत दिला.

बोलली ती सून. दोन बोटं उघडणाऱ्या तोंडातून शब्द चेपून येत होते. "न्हाई सांगितलं. मला म्हणले, धा वर्सं इसरून जा."

"मशेरी लावून दात कुजवायचे आन् डॉक्टरला धरायचं," आप्पा म्हणाले. "का वं कंपाउंडर, तुमी व्हता ना तिथं? सांगितलं का न्हाई?"

मी मागे वळून पाहिलं नाही. "व्हय," तो म्हणाला. "सांगितलं व्हतं."

"झालं तर मंग."

आबांचा मुलगा खांबापासून सुटा झाला. बायकोकडे वळून म्हणाला, "घाटाला यायला मिळावं म्हणून डाक्टरचं सांगणं दडवलंस व्हय? आईनं घरी ऱ्हा म्हणलं असतं म्हणून? मेली असतीस की!"

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. त्या ओसरीवर खरं ठाऊक असलेला माणूस मीच आहे, आणि मी आत्ता बोलेन, असं तिला वाटत होतं. मी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिलो.

त्या ओसरीवर जे बसले होते, त्यांच्यापैकी काही जण आजही असतील. त्यांना सांगतो : बाई खरं बोलत होती. मशेरीचा संबंध नव्हता. खोटा कागद होता, तो मी लिहिला होता.

परतीच्या एसटीत कंपाउंडर माझ्याशेजारी बसला नाही. शिरूरला उतरल्यावर पेटी माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, "सर, ही तुमची तुमी न्या." पुढच्या बाजारी तो स्टँडवर आला नाही, त्यापुढेही कधी आला नाही. वर्षभरात मी तळेगावची खोली सोडली आणि आणखी दोन वर्षांनी शिरूरही. दौंडला रेल्वेमुळे वस्ती मोठी, पेशंट जास्त, असं मी सगळ्यांना सांगत असे. शिरूरहून निघालेल्या प्रत्येक एसटीवर मला तळेगावची पाटी आधी दिसायची, हे कोणाला सांगितलं नाही.

तेरा वर्षं गेली. दौंडच्या दवाखान्यात एका सकाळी एक बाई आत आली. तोंडावर पदर नव्हता. जबड्याखाली, हनुवटीपासून कानाच्या दिशेनं, चिरल्याच्या व्रणाची एक पांढरी वळी होती. मी ओळखलं. तिनं मला ओळखलंय की नाही, ते कळेना.

"उजवीकडं वरची दुखतीया," ती म्हणाली. नवरा बाहेर बाकावर होता.

"तोंड उघडा बाई."

ते दोनच बोटं उघडलं. मी लहानात लहान आरसा घेतला. वरच्या दाढेला कीड होती, वरवरची. पण आरशात तिच्याखालची दाढ दिसली आणि माझा हात थांबला. माझी चांदी. काळपट पडलेली, पण कड कुठेही सुटलेली नाही, एक चीर नाही. त्यावर कोरलेल्या रेघा माझ्याच हाताच्या होत्या. डावीकडे दाढेच्या जागी नुसती हिरडी.

"टिकली की न्हाई?" आरसा बाहेर येताच ती म्हणाली. "तिच्यावरच जेवती मी तेरा वर्सं."

म्हणजे ओळखलं होतं. मी केसपेपर भरायला घेतला. तिचं नाव, गाव. पेन नीट चालत नव्हतं.

"डॉक्टरसायेब, एक इचारू? राग मानू नका." तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुमी मला सांगितलं व्हतं का? सात दिसांनी ये म्हणून?"

मी पेन झटकलं.

"घरात समदे म्हणतात सांगितलं व्हतं. मी आधी भांडायची. न्हाईच सांगितलं म्हणायची. तवापसनं माज्या शब्दाला घरात काय किंमत न्हाई. मला ताप आला तरी मालक सासूला इचारत्यात, खरंच हाय का बघ. धाकट्याच्या वेळंला कळा सुरू झाल्या, तर जाऊ म्हणली, हिला दडवायची बी सवय आन् नाटकाची बी. पोरगा दारातच झाला." ती थांबली. "भांडून भांडून दमले. आता कधी कधी मलाच वाटतं, सांगितलं बी आसंल. तोंड बधिर व्हतं, ध्यान नसंल माजं. तुमीच सांगा. मी कुणाला बोलायची न्हाई. माजं मला तरी कळू द्या."

इतकी वर्षं मला भीती होती ती हिनं येऊन शिव्या घालण्याची, चारचौघांत कॉलर धरण्याची. त्याची तयारी मी मनात कितीदा केली होती. स्वतःच्या आठवणीवरचा तिचा विश्वासच मी काढून घेतलाय, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि हे मी एका 'हो'नं कायमचं मिटवू शकत होतो. ती स्वतःच मला तशी वाट देत होती. हेही लिहायला हवं, की तो 'हो' माझ्या तोंडाशी आला होता.

"नाही," मी म्हणालो. "मी सांगितलं नव्हतं. दहा वर्षं विसरून जा, असंच म्हणालो होतो. त्या ओळी मी नंतर लिहिल्या."

ती उठली, पदर खोचला. "मंग चला."

"कुठं?"

"घरी. वरवंडला. मामंजी हायत अजून. त्यांच्या म्होरं सांगा."

"बाई, येतो ना, नक्की येतो. पण आज बाहेर पेशंट आहेत..."

"त्या दिशी बी व्हते," ती म्हणाली.

मी दवाखाना बंद केला. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, डॉक्टर आपल्याबरोबर येतायत. जीपमध्ये तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला. "काय मोठं हाय का हिला?" त्यानं एकदा विचारलं. मी नाही म्हणालो. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक मागे पडत होते आणि माझ्या मनात एकच हिशेब चालू होता, पाटसला उतरून परत फिरता येईल का. ती समोरच्या सीटवरून माझ्या चपलांकडे बघत होती.

वस्तीवर आता पत्र्याचं पक्कं घर होतं, पुढे कांदा, कडेला दहा-बारा मेंढ्या उरलेल्या. लिंबाखाली बाजेवर आबा. खूप वाळले होते, पण नजर तीच. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर बोलू शकलो नसतो. कागद मी बदलला, तुमच्या सुनेला मी काही सांगितलं नव्हतं, कंपाउंडर माझ्यासाठी खोटं बोलला. सासू दारात आली होती, जाऊ तिच्या मागे. सगळ्यांनी ऐकलं.

नवरा बायकोकडे बघायला लागला. आबांनी मात्र नवल केलं नाही.

"ते मला तवाच ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना ऐकू नीट आलं नसेल.

"अंगठा माजा व्हता, डाक्टर. त्याच्या वर दोन बोटं मोकळं रान सोडलेलं मी. आप्पानं कागद दिला तवा तिथं समद्या मुंग्या बसलेल्या. दोनशे मेंढरांत दुसऱ्याची एक घुसली तर मी अंधारात वळखायचो. माज्या अंगठ्याच्या वरचं मला वळखू येऊ न्हाई?"

"मंग बोलला का न्हाई तुमी?" मुलगा ओरडलाच.

आबा मेंढ्यांकडे बघत होते. "कळप आप्पाच्या रानात व्हता. आप्पानं कागद वाचून निवाडा दिलेला. मी म्हणलो असतो कागद खोटा, तर त्याच सांजंला मेंढरं घिऊन कुठं गेलो असतो? आजूबाजूचं समदं रान त्याच्याच भावकीचं." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "म्हणलं, बाईमाणूस हाय. चार दिस बोलत्याल, इसरत्याल."

वाचता न येणारा माणूस काय ओळखणार, हा माझा भरवसा होता. आणि ते ओळखूनही गप्प राहिले, हा माझा फायदा. ओसरीवर ज्या लांबच लांब वेळात मला घाम फुटला होता, त्या वेळात ते माझी चोरी बघत होते आणि मनात मेंढ्या मोजत होते.

ती कोणावर ओरडली नाही. आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंजी तुमाला दोघांनाबी ठावं व्हतं," ती म्हणाली. "आन् मी एकलीच येड्यावानी आठवत बसले."

जाऊ काहीतरी बोलायला लागली, तिला तिनं हातानंच थांबवलं. निघताना माझ्या टेबलावरून उचललेला सकाळचा केसपेपर तिनं पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला. त्यावर तिचं नाव आणि गाव, एवढंच होतं. "लिवा आता. तुमी बोलला तसंच. आन् लिवताना मोठ्यानं वाचा."

मी बाजेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं आणि शब्द शब्द वाचला. सही केली. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, आबांचा अंगठा धरला आणि त्यावर पेनाची शाई चोळायला लागली. बराच वेळ चोळली. आबा लहान मुलासारखा हात देऊन बसले होते.

"कुठं लावू?" त्यांनी विचारलं.

"चिकटून," ती म्हणाली. "मधी काय ठिऊ नका."

त्यांनी माझ्या सहीला चिकटवून अंगठा दाबला. थोडा सहीवरच उमटला.

मला रस्त्यापर्यंत सोडायला तीच आली. नवरा मागे दहा पावलांवर होता, जवळ येत नव्हता. जीप लांबून दिसली तेव्हा ती म्हणाली, "वरची दाढ राहिलीच. बुधवारी येते. आन् ही खालची उजवी, हिच्यावरच समदं हाय माजं. ही आजून किती दिस टिकंल?"

तीस-एक वर्षांच्या सवयीनं उत्तर तोंडात तयार होतं. ते गिळलं. "माहीत नाही," मी म्हणालो. "आज चांगली आहे. दर सहा महिन्यांनी दाखवत जा."

"किती म्हैन्यांनी?"

"सहा."

तिनं कागद पुन्हा पुढे केला. "ह्ये बी लिवून द्या."

जीपवाला हॉर्न देत होता. अंगठ्याच्या खाली बरीच जागा होती. मी लिहून दिलं.